शांत कॉलनीत चांगलं जेवण कुठं शोधायचं?

नाशिकहून बदलीवर कोल्हापुरात आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. आर. के. नगरात भाड्यानं घर घेतलंय. वस्ती शांत, हवा मोकळी, पण रात्री नऊ वाजले की रस्त्यावर माणूस दिसत नाही. नवरा-बायको दोघंही नोकरीला. सोबत सासूबाई आहेत, त्या शाकाहारी आणि त्यांना तिखट सोसत नाही. हमरस्त्यावरच्या हॉटेलांत जाऊन आले, तर सगळीकडं तोच लालभडक रस्सा आणि तोच पनीर मसाला. कोल्हापुरात राहून कोल्हापुरी जेवण मिळेना, मग ते शोधायचं कुठं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी आयुष्यभर खानावळ चालवली आणि आता ऑर्डरची जेवणं करून देतो. त्या जोरावर सांगतो, तुम्हाला हवं ते जेवण तुमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर रोज शिजतंय. त्याला पाटी नाही, मेन्यूकार्ड नाही आणि बहुतेक ते मोबाईलच्या ॲपवरही नाही. म्हणून ते तुम्हाला दिसलेलं नाही.

कॉलनीत हॉटेल का टिकत नाही, ते आधी बघा. आर. के. नगर, पाचगाव, सुर्वेनगर, फुलेवाडी, कुठंही जा. माणसं सकाळी घराबाहेर पडतात, संध्याकाळी परत येतात आणि घरीच जेवतात. येणारं-जाणारं गिऱ्हाईक नाही. त्यामुळं जागेचं भाडं, वेटरचा पगार, गॅस हे सगळं भागवायचं तर हॉटेलवाल्याला हमरस्ता गाठावाच लागतो. तिथं गिऱ्हाईक वाटसरू असतं, एकदा जेवतं आणि पुढं जातं. त्याच्यासाठी सकाळी दोन-तीन ग्रेव्ह्यांची पातेली करून ठेवायची आणि ऑर्डर आली की पनीर टाकून एक नाव, कोंबडी टाकून दुसरं नाव. हा त्यांचा दोष आहे असं मी म्हणत नाही, त्या धंद्याचं गणितच तसं आहे. पण ते कोल्हापूरचं जेवण नव्हे. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची भाजी इथल्या कुठल्याही जुन्या घरात शिजत नाही. इथल्या घरात भरलं वांगं असतं, वरणा या कडधान्याची आमटी असते, पोकळ्याची नाहीतर तांदळीची पालेभाजी असते, मोड आलेल्या मटकीची उसळ असते, हिरव्या मिरचीचा खर्डा असतो आणि शेवटी दहीबुट्टी, म्हणजे दहीभात. यातल्या निम्म्या जिनसा तिखट नसतात.

जेवण चांगलं होतं ते रोज तेच लोक पानावर बसतात तिथं. वाटसरूला शिळं वाढून भागतं, पण रोजच्या माणसाला एकदा जरी वाढलं तर तो दुसऱ्या महिन्याचे पैसे भरत नाही. म्हणून कॉलनीत शोधायचं ते नेमाच्या गिऱ्हाइकाचं घर. घरगुती मेस, भाकरी केंद्र, डबे करणाऱ्या मावशी, ऑर्डरनं मटण करून देणारं कुटुंब. ही माणसं हुडकायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

पहिल्यांदा गिरणीत जा. हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण बाहेरच्या माणसाला ते सुचत नाही. शाळूचं, म्हणजे ज्वारीचं, पीठ फार दिवस ठेवता येत नाही. आठवडा उलटला की पीठ विरी जातं. मग भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, उचलायला गेलं की मधून तुटते, तव्यावर फुगत नाही. घरी खाणारा एकवेळ ते चालवून घेतो, पण रोज शंभर भाकऱ्या विकणारी बाई चालवून घेत नाही. ती दर दोन दिवसांनी दळण आणते. त्यामुळं तुमच्या भागात कोण किती शिजवतंय याचा पत्ता गिरणीवाल्याइतका कुणालाच नसतो. कुणाचा डबा पाच किलोचा आणि कुणाचं पोतं, हे त्याच्या डोळ्यांपुढं असतं. दळण द्या आणि सरळ विचारा, ‘भाकऱ्या करून विकणाऱ्या कोण आहेत इथं? डबे कोण करतं?’ तो नावानिशी सांगेल, कुणाच्या हाताला चव आहे तेही सांगेल आणि बहुतेक वेळा तिथंच रांगेत उभी असलेली एखादी बाई मध्येच बोलून आणखी दोन घरं सांगेल.

दुसरा माणूस म्हणजे खाटीक. कोल्हापुरात मटण हा किती जिव्हाळ्याचा विषय आहे, हे तुम्हाला हळूहळू कळेल. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर वाढला तेव्हा इथं लोकांनी आंदोलन उभं केलं होतं. खाटकाकडं ठरलेल्या दिवशी ठरलेलं वजन नेणारी माणसं असतात. त्यातलं कोण घरासाठी नेतं आणि कोण ऑर्डरसाठी, हे त्याला माहीत असतं. ‘मटण आम्ही घेतो, करून कोण देईल?’ एवढंच विचारायचं.

ही पद्धत तुमच्याकडं नसेल म्हणून जरा सांगतो. मटण तुम्ही घ्यायचं, तुमच्या समोर तोडून घ्यायचं आणि करणाऱ्याच्या घरी पोचवायचं. मसाला, खोबरं, तेल, गॅस त्याचं. तो किलोवर मजुरी घेतो. दोन-तीन तासांनी तुम्हाला सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा असं तिन्ही मिळतं. माणशी पाव किलो मटण धरा, म्हणजे चौघांना एक किलो पुरतं. मटण आपलं असल्यामुळं ताजेपणाची शंका राहत नाही आणि करणाऱ्यालाही माल उरण्याची भीती नसते. हॉटेलात त्याच पैशात चार तुकडे मिळतात, इथं घरभर जेवता येतं. मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. रविवारी सकाळी फोन करून दुपारी मटण मागाल तर जो हो म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. त्याच्याकडं बहुतेक आधीचं काहीतरी तयार असतं.

आता तुम्हाला चव पारखता यावी म्हणून पांढऱ्या रस्स्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. कारण करणाऱ्याचा प्रामाणिकपणा सगळ्यात आधी तिथं दिसतो. तांबड्यात तिखटाखाली बरंच काही झाकता येतं, पांढऱ्यात काहीच झाकत नाही.

सगळ्याची सुरुवात अळणीपासून होते. पातेल्यात थोडं तेल किंवा तूप, त्यात कांदा, मग आलं-लसणाचं वाटण आणि मटण. हळद चिमूटभर. पांढऱ्यासाठी काही जण तीही टाळतात. मटण स्वतःच्याच पाण्यात परतून घ्यायचं, मीठ घालायचं, वर झाकणाच्या ताटात पाणी ठेवायचं आणि तेच तापलेलं पाणी थोडं थोडं आत सोडत शिजवायचं. मटण शिजलं की जे पाणी उतरतं ते अळणी. आमच्याकडं लहान मुलांना, आजारी माणसाला, बाळंतिणीला ते तसंच वाटीभर देतात. तेच पाणी पुढं दोन पातेल्यांत वाटलं जातं. एकात कांदा-लसूण चटणी, म्हणजे आमचा कुटलेला तिखट मसाला, आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण जाऊन तांबडा होतो. दुसऱ्यात ओल्या नारळाचं दूध आणि खसखस, पांढरे तीळ, काजू यांचं अगदी बारीक वाटण जातं. फोडणीला दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी असा खडा मसाला. नारळाचं दूध पडलं की आच मंद करायची आणि हात थांबवायचा नाही, कारण खळखळून उकळी आली की रस्सा फुटतो, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो. ज्याला हे जमत नाही, किंवा नारळ-खसखशीचा खर्च परवडत नाही, तो मैदा नाहीतर कॉर्नफ्लोअर लावतो. मग रस्सा फुटत नाही, कितीही उकळा.

म्हणून वाटी समोर आली की आधी चमच्यानं ढवळून बघा. खरा पांढरा रस्सा पातळ असतो, चमच्यावरून लगेच ओघळतो. चमच्याला साय धरल्यासारखा चिकटून राहिला तर त्यात पीठ आहे. वाटी थोडा वेळ तशीच ठेवा. खऱ्या रस्स्याच्या तळाला खसखशीचा अगदी बारीक रवा बसतो आणि वर नारळाच्या आणि मटणाच्या चरबीचा पातळ तवंग येतो. पिठाच्या रस्स्यावर तेवढ्या वेळात कातडी धरते. पहिल्या घोटाला मटणाची चव लागली पाहिजे, मग नारळाची आणि शेवटी घशाशी मिरी. नुसताच गोडसर लागला तर तो दुधाच्या पावडरीवर उभा आहे.

तांबड्याचं थोडक्यात. चटणीतली ब्याडगी मिरची रंग देते, संकेश्वरी चव आणि तिखटपणा देते, आणि तेल-चरबी सुटून वर येते ती तर्री. हा लाल गडद असतो, किंचित काळपटाकडं झुकणारा. भगव्याकडं झुकणारा चमकदार लाल दिसला आणि बोटाला रंग लागून साबणानंही लवकर गेला नाही, तर ती जागा सोडून द्या. आणि तिखटाबद्दल एक गैरसमज इथं काढून टाका. चांगला तांबडा जेवताना घाम आणतो, पण रात्रभर पोट जाळत नाही. जळजळ होते ती बहुतेक जुन्या तेलानं.

खानावळ पारखायला रविवारी जाऊ नका. रविवारी सगळीकडंच ताजं असतं, कारण दुपारी तीनला पातेली रिकामी होतात. सोमवार, गुरुवार, शनिवार इथं बरीच घरं मटण खात नाहीत. जोतिबाचा वार म्हणून रविवार पाळणारीही आहेत. तेव्हा सोमवारी एखाद्या खानावळीत मटण थाळी मागवा आणि बघा काय होतं. ‘आज मटण नाही, अंडाकरी आहे, नाहीतर साधी थाळी घ्या’ असं उत्तर आलं तर ती जागा लक्षात ठेवा, तिथं आदल्या दिवसाचं ठेवत नाहीत. मी स्वतः नव्या खानावळीत बसलो की आधी भात आणि ताक चाखतो. रस्सा सगळेच मन लावून करतात. भात मोकळा पण मऊ आहे का, ताक आंबलेलं आहे का, यावरून कळतं की मालकाचं मन रश्श्याबाहेर आहे की नाही. थाळीत तांबडा-पांढरा पुन्हा पुन्हा वाढायची रीत आहे. दुसऱ्या वाढीला रस्सा पहिल्यापेक्षा पाणचट आला तर परत जाऊ नका.

आता सासूबाई. त्यांचं जेवण घरगुती मेसमधून सगळ्यात चांगलं सुटेल. आणि तुमच्या भागात मेस कमी नाहीत, कारण शिवाजी विद्यापीठ जवळ आहे. सागरमाळ, राजेंद्रनगर, प्रतिभानगर, सम्राटनगर या पट्ट्यात बाहेरगावची पोरं खोल्या करून राहतात आणि त्यांच्या जेवणावर कितीतरी घरं चालतात. विद्यार्थ्यांची मेस म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल, पण जरा थांबा. मेसच्या बाईला रोज तीस-चाळीस पानं करायची असतात. तिच्या कढईत चटणी पडायच्या आधी वाटीभर भाजी बाजूला काढणं तिला मुळीच जड जात नाही. हॉटेलात हे होत नाही, तिथं ग्रेव्ही आधीच तिखट झालेली असते. बोलताना ‘कमी तिखट’ म्हणू नका. इथल्या माणसाचं कमी तिखट नाशिकच्या आजींना सोसेल असं नाही. ‘चटणी घालायच्या आधी काढून ठेवा, वरून मीठ-जिरं आम्ही बघतो’ असं स्पष्ट सांगा. आमटीचंही तसंच. डाळ घोटली की फोडणीआधीचं वरण वेगळ्या डब्यात घ्या, घरी तुपाची फोडणी द्या.

मेस ठरवताना महिन्याचे पैसे आधी भरू नका. चांगली मेसवाली स्वतःच म्हणते, ‘दोन दिवस जेवून बघा.’ ते दोन दिवस लागोपाठचे घेऊ नका, एक आठवड्याच्या सुरुवातीचा आणि एक शेवटाचा घ्या. आठवड्याच्या भाज्या विचारा. बटाटा, कोबी, फ्लॉवर यांच्यातच आठवडा फिरत असेल तर तिथं चिरायला माणूस कमी आहे. पालेभाजी, दोडका, गवार, घेवडा येत असेल तर कुणीतरी सकाळी बसून निवडतंय. माझ्या मते मेसची खरी परीक्षा पालेभाजी आहे. निवडायला वेळ लागतो, धुवायला पाणी लागतं, शिजून मूठभर होते आणि पैसे तेवढेच मिळतात. तरी आठवड्यात दोनदा करणारी बाई पैशाच्या आधी पानाचा विचार करते. आणखी एक, स्वयंपाकघर बघायला मागा. घरगुती असली तरी मेसला अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि त्याचा १४ अंकी क्रमांक मिळतो. तो विचारण्यात कमीपणा काही नाही, नीट चालवणाऱ्या बायका तो भिंतीवरच लावतात. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, ते ध्यानात ठेवा.

सासूबाईंना भाकरीची सवय असेल तर लिंगायत पद्धतीची शाकाहारी खानावळ मिळते का बघा. कर्नाटक इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं ती पद्धत आपल्याकडं चांगली रुजलेली आहे. पातळ भाकरी, शेंगांची चटणी, कारळ्याची चटणी, भरलं वांगं, उसळ, घट्ट दही. तिखट चटणी पानात वेगळी वाढतात, त्यामुळं ज्याला नको त्यानं हात लावायचा नाही. वयस्क माणसाला याहून सोयीचं जेवण मला माहीत नाही.

रोजच्यासाठी भाकरी केंद्राचा एवढा उपयोग आहे की दोघंही नोकरीला असलेल्या घरांनी तो केलाच पाहिजे. भाजी-आमटी घरी करायची आणि भाकऱ्या संध्याकाळी येताना आणायच्या. भाकरी उभ्याउभ्या तव्यावरून घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली घेऊ नका, वाफ धरून ती चामट होते. सोबत सुती फडकं न्या, त्यात गुंडाळली की घरी पोचेपर्यंत मऊ राहते.

सकाळच्या नाश्त्याचं फार सांगत नाही, ते तुम्हाला आपोआप सापडेल. पोहे, उप्पीट, आप्पे, उडीदवडा विकणारे गाडे कॉलनीच्या तोंडाला सातला लागतात आणि दहापर्यंत उठतात. वडा-भजी घेताना कढईकडं बघा. तळणाच्या तेलात पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून आहे. गाड्यावर ते कुणी मोजत नाही, पण तेल काळं पडलंय आणि वडा सोडल्यावर वर येणारा फेस लवकर मोडत नाही, एवढं आपल्या डोळ्यांना दिसतंच. मिसळीसाठी मात्र कॉलनीत अडकू नका, शिवाजी उद्यमनगरात जा. फडतरे यांची मिसळ तिथलीच. कारखान्यातल्या कामगाराला सकाळी पोटभर, गरम आणि स्वस्त लागतं, त्यामुळं अशा भागात मिसळ जोपासली जाते. इथं मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या जाड स्लाइस येतात आणि कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा वाढतात. सासूबाईंना नेलंत तर त्यांची मिसळ कटाशिवाय मागा, बटाटा-मटकी आणि दही यांवर त्यांचं छान भागेल. पाहुणे आले तर संध्याकाळी खासबागेत भेळ खायला न्या. दुधाची आवड असेल तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरही. तिथं म्हशीचं दूध समोर काढून देतात.

आणि ताई, एक काम स्वतः करा, ते म्हणजे चटणी. रोज बाहेरून आणायची गरज निम्म्यानं कमी होईल. घरात चांगली कांदा-लसूण चटणी असली की मटकीची उसळ असो, अंडी असोत, अख्खा मसूर असो, अर्ध्या तासात जेवण तयार. इथं मार्च ते मे या दिवसांत घरोघरी वर्षाची चटणी होते. मिरच्या लक्ष्मीपुरीत मिळतात. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि सोसत असेल तर तिखटाला थोडी लवंगी. मिरच्या कडक उन्हात वाळवायच्या, देठं काढायची, धने, जिरं, तीळ, खोबरं, खडा मसाला वेगवेगळा भाजायचा, कांदा वाळवून तेलात तळायचा आणि सगळं घेऊन डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, जायचं. डंक कुटतो, गिरणी दळते. दळताना मिरची तापते आणि तिचा वास उडतो, म्हणून चटणीला डंकच. लसूण शेवटच्या घाण्यात पडतो. घरी आणून बरणीत दाबून भरायची आणि मधे हिंगाचे खडे ठेवायचे. डंकावर पुढच्या-मागच्या नंबरावरच्या बायकांशी ओळख होते, त्यातच तुम्हाला डबेवाल्या, पुरणपोळ्या करणाऱ्या, सांडगे घालणाऱ्या सापडतील. गिरणीनंतर चौकशीला याहून चांगली जागा नाही. यंदाचा हंगाम हुकला तर डंकवाल्यालाच विचारा, वर्षभर विकणाऱ्या बचत गटाच्या बायका त्याच्या ओळखीच्या असतात. चटणी कधी कुटली ते विचारून घ्या.

तांदूळही इथला घ्या. आजऱ्याचा घनसाळ वासाचा, दाण्यानं आखूड आहे. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पांढऱ्या रश्श्याबरोबर तोच खावा, लांब दाण्याचा बासमती रस्सा धरत नाही. मात्र सुट्टा आणि फार स्वस्त मिळत असेल तर वासाची खात्री करा, दाणे तळहातावर चोळून हुंगा.

ॲपवरून मागवूच नका असं मी म्हणणार नाही. रात्री दहाला भूक लागली आणि घरात काही नसलं तर माणूस काय करणार! पण बिर्याणी, डोसा, चपाती-भाजी मागवा. तांबडा-पांढरा मागवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेला गरम रस्सा अर्धा तास हिंदकळत येतो, चरबी वर गोठते आणि तुम्ही तो घरी मायक्रोवेव्हमध्ये घातलात की पांढरा फुटलाच. रस्सा आणायला स्टीलची झाकणाची किटली घेऊन स्वतः जा. कोल्हापुरात किटली घेऊन रश्श्याला जाणारा माणूस नेहमीचा आहे, कुणी वळूनही बघणार नाही, उलट किटली बघून वाढणारा हात सैल सोडतो. घरी आणल्यावर पांढरा थेट आचेवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी गरम करा, त्यात रश्श्याचं भांडं ठेवा आणि चमच्यानं हलवत राहा. वाफ दिसू लागली की उतरवा.

आणखी एक संधी वर्षातून एकदा येते. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी वाजत-गाजत टेंबलाईच्या देवीला, म्हणजे त्र्यंबोलीला नेतात. ‘पी ढबाक’ अशी वाजंत्री वाजायला लागली की समजायचं, गल्लीत जेवण आहे. गल्ल्या, तालमी, मंडळं वर्गणी काढून मटणाचा बेत करतात आणि आचारी मोठी पातेली चढवतो. एवढ्या मोठ्या पातेल्यातल्या अळणीची चव घरच्या भांड्याला येत नाही. तुमच्या कॉलनीतही कुणीतरी वर्गणीला येईल. पावती फाडा आणि बोलावणं आलं की सगळे मिळून जा. पंगतीत शाकाहारींसाठी वेगळं पातेलं करतात, फक्त वर्गणी देतानाच सांगून ठेवा की घरात एक आजी आहेत, त्यांच्या पानाला तिखट नको.